कडुनिंबात उजवीकडे ओढणारी चेन : यावल तालुक्यातलं एक प्रकरण

जूनच्या सुरुवातीच्या वादळात यावल तालुक्यातल्या एका केळीच्या मळ्यात बांधावरचा जुना कडुनिंब मुळासकट आडवा झाला. त्याच्यासोबत दोन बाभळी पडल्या आणि केळीच्या चार ओळी त्यांच्याखाली दबल्या. मालकाकडे ५८ सीसीची पेट्रोल चेनसॉ होती, १८ इंची बारची (बार म्हणजे चेन जिच्या कडेने फिरते ती पोलादी पट्टी), दोन वर्षं वापरातली. फांद्या छाटून खोडाचे ओंडके करायला दोन दिवस पुरतील असा हिशोब होता. चौथ्या दिवशी निम्मं खोड तसंच पडून होतं.

तक्रार अशी होती. फूटभर जाडीच्या फांदीत वरून सरळ घातलेला काप खाली पोहोचेपर्यंत जवळजवळ तीन सेंटीमीटर उजवीकडे सरकायचा. काप वाकला की बार त्यात आवळला जायचा. मशीनवर जोर दिल्याशिवाय ती लाकडात उतरत नव्हती, पडणारा भुसा पिठासारखा बारीक होता, आणि दहा-बारा मिनिटांत बारमधून धूर निघून चेन सैल पडायची. “भाऊ, पट्टी वाकली असंल,” असं सगळ्यांचं मत पडलं. नवा बार आणि नवी चेन घ्यायचं जवळपास ठरलं होतं.

पट्टी वाकलेली नव्हती. चेनसुद्धा अर्ध्याहून जास्त शिल्लक होती.

आधी भुसा, मग बार, मग चेन

अशा मशीनला पाना लावण्याआधी भुसा हातात घेऊन पाहावा. धार असलेली चेन खोडाला आडवं कापताना ढलप्या काढते, नखाएवढ्या जाड आणि चौकोनी. पीठ पडत असेल तर दात कापत नाहीत, नुसते घासतात. घासण्यातून उष्णता येते, उष्णतेने चेन लांबते, लांबली की सैल होते. म्हणजे धूर, सैलपणा आणि पीठ या तीन तक्रारींचं मूळ एकच. चौथी तक्रार, वाकडा काप, ही मात्र वेगळी तपासावी लागते, कारण ती बारमुळेही येते आणि चेनमुळेही.

त्याची परीक्षा सोपी आहे आणि तिला पैसा लागत नाही. बार काढून उलटा बसवायचा, म्हणजे खालची कड वर. त्याच चेनने त्याच फांदीत पुन्हा काप घ्यायचा. ओढ गेली किंवा बाजू बदलली तर दोष बारचा. ओढ त्याच बाजूला राहिली तर दोष चेनचा. इथे बार उलटल्यावरही काप उजवीकडेच गेला, पण तीनऐवजी दोन सेंटीमीटर. म्हणजे मुख्य दोष चेनचा आणि थोडा बारचा. शेजारच्या मळ्यातला त्याच मापाचा बार लावला तेव्हाही हेच दिसलं.

चेन का ओढते, हे समजायला तिची घडण पाहावी लागते. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात लाकूडतोडीचं काम करणारे जोसेफ कॉक्स यांनी १९४६ साली लाकूड पोखरणारी भुंग्याची अळी निरखली. ती अळी जबडे डावीकडे-उजवीकडे चालवत रेषांच्या उभ्या-आडव्या दोन्ही दिशांनी लाकूड खाते. त्यावरून त्यांनी डावा-उजवा दात असलेली चेन बनवली. आज बाजारात मिळणाऱ्या बहुतेक चेन त्याच वंशातल्या आहेत. एक दात डावीकडचं लाकूड खातो, पुढचा उजवीकडचं. दोन्ही ओळी सारख्या खात असतील तरच काप सरळ राहतो. एक ओळ जास्त खाऊ लागली की बार तिच्या बाजूला सरकतो, कारण तिकडे जागा मोकळी होत जाते. काप ज्या बाजूला जातो त्या बाजूचे दात जास्त कापणारे, एवढं लक्षात ठेवलं तरी निम्मं निदान होतं.

मोजणी

या मशीनवर ०.३२५ इंच पिचची, १.५ मिलिमीटर गेजची, ७२ ड्राइव्ह लिंकची चेन होती. ड्राइव्ह लिंक म्हणजे बारच्या खाचेत फिरणाऱ्या खालच्या टोकदार कड्या, आणि त्यांची जाडी म्हणजे गेज. अशा चेनमध्ये दर दोन ड्राइव्ह लिंकमागे एक दात असतो, म्हणून ३६ दात, १८ डावे आणि १८ उजवे. पिच ठाऊक नसेल तर लागोपाठच्या तीन रिवेटांमधलं पहिल्या ते तिसऱ्याचं अंतर मोजून निम्मं करावं. साडेसोळा मिलिमीटर भरलं तर पिच ०.३२५ इंच.

चेन रॉकेलमध्ये ब्रशने धुऊन, पुसून, व्हर्नियरने प्रत्येक दाताच्या वरच्या पात्याची लांबी मोजली. उजवी ओळ सरासरी ८ मिलिमीटर, डावी साडेसहा. डावीकडचे दोन दात ५.४ वर आलेले. दातांच्या पुढच्या खुंट्यांना कधी कानस लागलेलीच नव्हती.

या खुंटीवर थोडं थांबायला हवं, कारण घरच्या घरी धार लावणाऱ्यांची चूक बहुतेक वेळा इथेच असते. प्रत्येक दाताच्या पुढे एक उंचवटा असतो. मिस्त्री त्याला रेकर किंवा डेप्थ गेज म्हणतात. दात लाकडात किती खोल शिरेल ते तो ठरवतो. रंधा मारणाऱ्याला हे पटकन उमजेल: पातं रंध्याच्या तळाबाहेर जितकं निघतं तितकीच ढलपी जाड. या चेनला खुंटी दाताच्या टोकापेक्षा ०.६५ मिलिमीटर खाली लागते. दाताचं वरचं पातं मागच्या बाजूला उतरतं असतं. त्यामुळे कानस मारून दात जसजसा आखूड होतो तसतशी त्याची धार खाली येते, खुंटी मात्र जागच्या जागी राहते. फरक कमी होत होत दात खुंटीच्या आड जातो. मग त्याला वस्तऱ्यासारखी धार असली तरी तो लाकडाला शिवत नाही.

इथे उजव्या दातांपुढे हा फरक ०.४ मिलिमीटर उरला होता आणि डाव्यांपुढे जेमतेम ०.१५. उजवी ओळ थोडं खात होती, डावी जवळजवळ काहीच नाही. काप उजवीकडे जाणारच.

फरक मोजताना एक सापळा आहे. बाजारात मिळणारी खाचेची गेजपट्टी दोन्ही ओळींच्या दातांवर टेकते. ओळी असमान असतील तर ती लांब, म्हणजे उंच, दातांवर उचलली जाते आणि आखूड ओळीचं माप खोटं दाखवते. म्हणून असमान चेनवर पोलादी फूटपट्टीची कड एकाच ओळीच्या लागोपाठच्या दोन दातांच्या बाहेरच्या कडांवर टेकवावी आणि खुंटीवरची फट फीलर गेजने, म्हणजे ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांनी, मोजावी. याच कारणाने दुरुस्तीचा क्रमही ठरतो. आधी दातांची लांबी सारखी करायची आणि मगच खुंट्यांना हात लावायचा. उलट केलं तर खुंट्या दोनदा घासाव्या लागतात आणि एकदा जास्त घासलेली खुंटी परत उंच होत नाही.

असमान कशी झाली

बांधावरच्या त्या कडुनिंबाला कधीकाळी काटेरी तारेचं कुंपण ठोकलेलं होतं. झाड वाढत गेलं आणि खिळे सालीच्या आत गेले. खांदेशात बांधावरची बाभूळ आणि निंब म्हणजे आयता कुंपणाचा खांब, त्यामुळे जमिनीपासून चार-पाच फुटांपर्यंतच्या खोडात लोखंड आहे असंच धरून चालावं. चेन एका खिळ्याला डाव्या बाजूने घासली. डाव्या दातांचे कोपरे उडाले. ते घालवायला मालकाने डाव्या ओळीला दहा-दहा हात कानस मारली आणि उजवीला तीन-तीन. धार दोन्हीकडे आली, लांबी बिघडली.

दुसरं कारण कानस. चेनसोबत घेतलेली गोल कानस ४ मिलिमीटरची होती. ती ३/८ इंच लो-प्रोफाइल चेनची, लहान मशीनची. ०.३२५ पिचला ४.८ मिलिमीटरची लागते. मोठ्या मशीनच्या पूर्ण ३/८ इंच चेनला ५.२ किंवा ५.५ आणि ०.४०४ इंच चेनला ५.५. बारीक कानस दाताच्या पोटात खोल बसते. धार आकड्यासारखी वळते, पहिले दोन काप झकास जातात आणि ती पातळ धार लगेच मोडते. शिवाय कानस खालच्या कडीला घासते आणि कडी कमकुवत होते. जाड कानस घेतली तर उलटं होतं: धार बोथट कोनाची राहते आणि मशीन ढकलावी लागते. योग्य मापाच्या कानशीचा साधारण पाचवा भाग दाताच्या वर दिसतो, ४.८ च्या कानशीचा जवळपास एक मिलिमीटर.

तिसरं कारण तेल. टाकीत ट्रॅक्टरचं जळकं ऑइल होतं. त्यात धातूचा बारीक चुरा आणि काजळी असते, ती पंप आणि बारचं तेलाचं भोक दोन्ही बंद करते. भर म्हणून दबलेल्या केळीही याच मशीनने कापल्या होत्या. केळीच्या खांबाचे धागे स्प्रॉकेटभोवती, म्हणजे चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकाभोवती, गुंडाळले गेले आणि झाकणाखाली भुशाशी मिळून गच्च गोळा झाला. केळीला कोयताच बरा, चेनसॉ तिथे नेऊ नये.

दुरुस्ती

मशीन बंद, प्लगची टोपी काढलेली, हातात कातडी मोजे. बार व्हाइसमध्ये घट्ट धरला. व्हाइस नसेल तर जाड ओंडक्यात बारच्या जाडीची खाच पाडून त्यात बार रुतवला तरी चालतो, हलता मात्र नये. चेन नेहमीपेक्षा किंचित जास्त ताणली म्हणजे कानशीखाली दात डुलत नाही. घासताना चेन ब्रेक लावलेला, पुढे सरकवताना सोडलेला. सुरुवातीच्या दातावर खडूने खूण.

दातांवर पडलेलं ऊन पाहिलं. बोथट धार उजेडात पांढऱ्या रेघेसारखी चमकते, चांगली धार चमकत नाही. दाताच्या वरच्या पात्यावर क्रोमचा कडक थर असतो. प्रत्यक्षात तोच कापतो. खिळ्याने किंवा मातीने तो कोपऱ्यातून जितका उडाला असेल तितकं मागे जाईपर्यंत घासावंच लागतं. अर्धवट घासलेल्या दाताला हाताला लागणारी धार येते, पण ती मऊ पोलादाची असते आणि एका कापात जाते.

कानस दाताच्या आतून बाहेर जाते. पुढे ढकलताना दाब, मागे येताना उचलून घ्यायची. मागे-पुढे घासली तर कानशीचे दात बसतात. दर दोन-तीन हातांनंतर ती बोटांत थोडी फिरवायची, ब्रशने झाडायची, तेल अजिबात लावायचं नाही. कोन बारला काटकोनात जाणाऱ्या रेषेशी ३० अंश. बऱ्याच चेनच्या पात्यावर तिरकी रेघ कोरलेली असते, ती कोन दाखवते आणि शेवटची मर्यादाही. वाळलेली बाभूळ किंवा अंजन कापायचा असेल तर २५ अंश ठेवावा. धार थोडी जाड राहते, वेग किंचित कमी होतो, पण कठीण लाकडात ती टिकते. सातपुड्याच्या पायथ्याला अंजन कापणाऱ्याने ३० अंशांचा हट्ट धरू नये. कानस जमिनीला समांतर ठेवावी. चेनच्या पाकिटावर १० अंश उताराची सूचना असेल तर ती पाळावी.

उजव्या ओळीचं दीड मिलिमीटर काढायला दाताला पंचवीस-तीस हात लागले. १८ दातांना दीड तास. इतकं चांगलं पोलाद घालवणं जिवावर येतं, आणि दर वेळी उजवीला दोन हात जास्त देत महिनाभरात ओळी जुळवता आल्या असत्या. इथे तसं केलं नाही, कारण वाकडी चेन रोज बारची एक कड झिजवत होती आणि खोड रस्त्यात पडलेलं होतं. प्रत्येक पाचव्या दाताला व्हर्नियर लावून साडेसहावर थांबलो की नाही ते पाहिलं. डावीकडचे ते ५.४ चे दोन दात मात्र तसेच सोडले. पुस्तकी नियम सगळे दात सर्वांत आखूड दाताएवढे करायला सांगतो. ३६ पैकी दोन दात कमी खात असतील तर कापात फरक कळत नाही, आणि त्यांच्यासाठी ३४ दातांचं मिलिमीटरभर आयुष्य घालवणं हा तोटाच. अर्धी ओळ आखूड असती तर नियमच पाळला असता.

मग खुंट्या. आता ओळी सारख्या असल्यामुळे गेजपट्टी विश्वासाची झाली. ती चेनवर ठेवली की खुंटी खाचेतून वर डोकावते, डोकावलेला भाग चपट्या कानशीने पट्टीशी सपाट करायचा. सगळीकडे ०.६५ ठेवलं. त्या दोन आखूड दातांच्या खुंट्या शेजाऱ्यांएवढ्याच ठेवल्या, जास्त खाली नेल्या नाहीत. शेवटी प्रत्येक खुंटीचा पुढचा कोपरा गोल केला. चौकोनी सोडलेली खुंटी लाकडात अडकते आणि चेन हिसके देते. ‘जास्त कापेल’ म्हणून खुंटी एक मिलिमीटरपर्यंत उतरवणारे आहेत. त्या मशीनचा बार टोकाला लाकूड लागताच उसळून माणसाच्या तोंडाकडे येतो. मानेवर आणि चेहऱ्यावर होणाऱ्या जखमा अशाच होतात, हे कृपा करून हलक्यात घेऊ नका.

बाजारात ग्राइंडरवर धार लावून घेतली असेल तर दाताच्या टोकाला निळसर छटा आहे का ते पाहावं. निळं म्हणजे पोलाद तापून बिघडलं. तेवढा भाग जाईपर्यंत हाताने घासावं. या चेनमध्ये तसे चार दात निघाले.

बार, स्प्रॉकेट, तेल

बार फरशीच्या सपाट तुकड्यावर कडेवर उभा केला. सरळ उभा राहायला हवा तो उजवीकडे कलला: खालच्या कडेला खाचेच्या दोन बाजूंच्या पट्ट्यांपैकी एक जास्त झिजलेली. चपटी कानस लाकडी ठोकळ्याला काटकोनात धरून दोन्ही पट्ट्या सारख्या केल्या, बाहेर वळलेली धारदार कोर काढली. खाच पातळ तारेने साफ केली. तिची खोली साडेसहा मिलिमीटर भरली. ०.३२५ पिचला ती ६ च्या खाली गेली तर ड्राइव्ह लिंक तळाला टेकतात आणि बार बदलावा लागतो. तेलाचं भोक सुईने मोकळं केलं, टोकाच्या चाकाला ग्रीस दिलं. यापुढे दर धारेला बार उलटायचा, म्हणजे दोन्ही कडा सारख्या झिजतील.

स्प्रॉकेटवर चेनने पाडलेली खाच अर्ध्या मिलिमीटरच्या आत होती, म्हणून ठेवला. साधारण दोन चेनमागे एक स्प्रॉकेट हा हिशोब. झिजलेल्या स्प्रॉकेटवर नवी चेन चढवली तर तिच्या ड्राइव्ह लिंकची टोकं लवकर खराब होतात.

जळकं ऑइल काढून टाकी पेट्रोलने धुतली आणि चेन ऑइल भरलं. ते मिळत नसेल तर नवं इंजिन ऑइल चालेल, मात्र ४५ अंशांच्या मे महिन्यात जाड घ्यावं, पातळ तेल टोकावरूनच उडून जातं. बारचं टोक पुठ्ठ्यावर वीतभर उंच धरून मशीन रेझ केली: पुठ्ठ्यावर तेलाची रेघ उमटली. पेट्रोलची एक टाकी संपते तेव्हा तेलाची टाकीही जवळपास रिकामी व्हायला हवी. तेल उरत असेल तर भोक पुन्हा बुजलं आहे.

चेन थंड असताना, बारचं टोक वर उचलून धरून ताणली. बारखाली ती लोंबू नये आणि हाताने सहज ओढता यावी. कामात गरम चेन सैल दिसली आणि ताणली, तर काम संपल्यावर ती सोडून ठेवायची. थंड होताना आखडलेली चेन क्रँकच्या बेअरिंगवर ताण देते.

निकाल आणि पुढे

त्याच कडुनिंबाच्या फूटभर फांदीत काप सरळ उतरला. मशीनच्या स्वतःच्या वजनावर बार खाली गेला, ढलप्या पडल्या, दोन टाक्या पेट्रोल होईपर्यंत चेन ताणावी लागली नाही. उरलेलं खोड दीड दिवसात निघालं. बुंध्याचा पाच फुटांचा भाग कापण्याआधी कुऱ्हाडीने चिखलाची साल उतरवली. त्यात आणखी तीन खिळे आणि तारेचा तुकडा सापडला. ओंडके जमिनीवर सपाट ठेवून कापले नाहीत, खाली लाकडाचे तुकडे दिले. काळ्या मातीत चेनचं टोक दोन सेकंद जरी गेलं तरी सकाळची धार तिथेच संपते.

आता दर टाकीला पेट्रोल भरताना प्रत्येक दाताला दोन-तीन हात, डाव्या-उजव्याला मोजून सारखे. ज्या ओळीला हात अवघड पडतो तिथे मशीन फिरवून बसायचं, मनगट वाकवायचं नाही. खुंट्यांची तपासणी दर चार धारांनंतर. एका धारेत दात साधारण ०.१५ ते ०.२ मिलिमीटर जातो. त्या हिशोबाने ते दोन आखूड दात सहा-सात वेळा, कोपरा धारदार असेपर्यंत, कानशीविना सोडले की बाकीच्या ३४ दातांच्या रांगेत येतील, आणि चेन ४ मिलिमीटरच्या खुणेवर जाईपर्यंत तिच्यात अजून बारा-पंधरा धारा शिल्लक आहेत.